जुनी हायब्रीड लक्झरी एसयूव्ही घ्यायची? आधी किलोमीटरचा हिशोब मांडा



आजचा विषय जरा चकचकीत आहे. धंदा तीन-चार वर्षं नीट चालला, हातात थोडे पैसे खेळायला लागले, की एक विचार बहुतेकांच्या डोक्यात येतोच : आता एक भारी गाडी घेऊ. नवीन परवडत नाही, मग सेकंडहँड बघू. आणि सेकंडहँड बघायला लागलं की हायब्रीड एसयूव्ही डोळ्यात भरते. आवाज नाही, अ‍ॅव्हरेज चांगलं, नाव मोठं.

लेक्सस भारतात अधिकृतपणे आली मार्च २०१७ मध्ये. आरएक्स ४५०एच तेव्हा एक कोटीच्या पुढे होती, त्यानंतर आलेली एनएक्स ३००एच पन्नास लाखांच्या पुढे. व्होल्वोची एक्ससी९० टी८ त्याच्याही आधीची, २०१६ ची. त्या पहिल्या काळातल्या गाड्या आता जुन्या बाजारात आहेत, आणि किंमत बघून माणूस म्हणतो, "अरे, एवढ्यात तर नवी इनोव्हा येते!"

इथेच थांबा आणि वही काढा. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. हेडलाईट फुटला तर शोरूमवाला तुम्हाला विचारणार नाही की गाडी कितीला घेतली. एक कोटीच्या गाडीचा हेडलाईट एक कोटीच्या गाडीच्याच भावाने मिळतो. तुम्ही पंचवीस-तीस लाख देऊन पहिल्या मालकाचा घसारा वाचवता, हे खरं. पण देखभाल मात्र पहिल्या मालकाच्याच दर्जाची करावी लागते.

उदाहरण पेठचं घेऊ

गाडीचा खर्च ती कुठे राहते यावर ठरतो, म्हणून एक ठिकाण धरून बोलू. नाशिक जिल्ह्यातला पेठ तालुका. नाशिकहून साधारण ५५ किलोमीटर, मध्ये सावळ घाट आणि कोटंबी घाट, पुढे रस्ता गुजरातकडे उतरतो. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यांपैकी एक. समजा, तुमचा इथे नागलीचे पापड, वरई-भगर आणि सीझनला आंबा असा धंदा आहे. माल नाशिकला जातो. वर्षाला तुमचं फिरणं १५,००० किलोमीटर.

आता गाडी समजा २८ लाखांची. १० लाख रोख, १८ लाख कर्ज, १२ टक्के व्याज, चार वर्षं. (आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही स्वतःचे टाका.) ईएमआय येतो साधारण ४७,४०० रुपये. चार वर्षांत नुसतं व्याज पावणेपाच लाख, म्हणजे वर्षाला सुमारे १.१९ लाख. चार वर्षांनी गाडी १४ लाखांना विकली गेली असं धरू, म्हणजे घसारा वर्षाला ३.५ लाख. लिटरला १२ किलोमीटर धरलं तर १,२५० लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी १.३१ लाख. विमा ८० हजार. सर्व्हिस, टायर, बॅटरीसाठी बाजूला काढायचे पैसे मिळून दीड लाख.

बेरीज करा. वर्षाला ८.३० लाख. भागिले १५,०००. किलोमीटरला ५५ रुपये!

म्हणजे पेठहून नाशिकला एक फेरी, जाऊन-येऊन ११० किलोमीटर, सहा हजार रुपये. त्यात पेट्रोलचा वाटा हजाराच्या आत. लोक पेट्रोलचंच गणित करतात आणि "हायब्रीड आहे, परवडते" म्हणतात. बाकीचे पाच हजार दिसत नाहीत, कारण ते रोज खिशातून जात नाहीत. घसारा तर गाडी विकायच्या दिवशी एकदम समोर येतो.

दुसरं गणित याहून महत्त्वाचं. तुमच्या धंद्यात निव्वळ नफा १२ टक्के असेल, तर ८.३० लाख नफा कमवायला ६९ लाखांची विक्री लागते. गाडी दारात उभी राहिल्यामुळे वर्षाला ६९ लाखांची जादा विक्री येणार आहे का? येणार असेल तर आजच घ्या, माझी ना नाही. काही धंद्यांत येतेही. जमीन-प्लॉटचे व्यवहार, मोठी कंत्राटं, जिथे समोरचा माणूस तुमची ऐपत बघून बोलणी सुरू करतो, तिथे गाडी काम करते. पण नागलीचा पापड विकत घेणारा नाशिकचा दुकानदार पाकिटावरचा एफएसएसएआय नंबर बघतो, फुटके पापड किती निघतात ते बघतो, उधारी किती दिवसांची ते विचारतो. तुमची गाडी त्याने बघितलीच, तर उलट भाव पाडून मागेल!

आणि ते १० लाख रोख. नागली निघते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. तेव्हा हातात रोकड असेल तर माल चांगला आणि स्वस्त मिळतो. एप्रिलमध्ये आंब्याला पुन्हा रोकड लागते. एकच पैसा वर्षात दोनदा फिरतो. तो गाडीत अडकला की तुम्ही उधारीवर माल उचलता आणि पापड लाटणाऱ्या बचत गटातल्या ताईंना म्हणता, "पुढच्या आठवड्यात देतो." ताईंचे पैसे थकलेत आणि दारात लेक्सस उभी आहे, ही बातमी बाजारच्या दिवशी सगळ्या तालुक्यात पोचते. ही पत परत मिळवायला किती वर्षं लागतात, ते ज्याची गेली त्याला विचारा.

"सर, पण टॅक्स वाचतो ना?"

बहुतेकांचा नाही वाचत. तुम्ही ठोक नफ्याच्या योजनेत, म्हणजे उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर गाडीचा घसारा वेगळा धरताच येत नाही. तो त्या टक्केवारीत आलाच असं कायदा मानतो. पूर्ण हिशोबवह्या ठेवत असाल तर मोटारकारवर १५ टक्के घसारा मिळतो, पण घरच्या वापराचा भाग वजा करावा लागतो. जीएसटीचं म्हणाल, तर चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट अडवलेलं आहे. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्यांचीच खरेदी-विक्री असा धंदा असेल तरच मिळतं. सीएला एकदा विचारा, पण गाडी बुक करण्याआधी विचारा.

डीलरकडून घेताना आणखी एक : जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो पूर्ण किमतीवर नाही, डीलरच्या मार्जिनवर लागतो. कुणी २८ लाखांवर १८ टक्के लावून बिल दाखवत असेल, तर उठून या.

एवढं ऐकूनही घ्यायचीच असेल तर

घ्या. पैसे तुमचे, हौसही तुमची, आणि हौसेला मोल नसतं. फक्त नीट तपासून घ्या.

पहिलं म्हणजे "हायब्रीड" हा शब्द तीन वेगळ्या गाड्यांना लावतात. माइल्ड हायब्रीडमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, अ‍ॅव्हरेजमध्ये फार फरक पडत नाही. एक्ससी९० टी८ सारखी प्लग-इन गाडी रोज चार्ज करावी लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे, आणि चार्ज नसेल तर तुम्ही जड बॅटरी वाहत पेट्रोलवर फिरता. तिसरी लेक्सस-टोयोटासारखी स्ट्राँग हायब्रीड. ती चालता चालता स्वतःच चार्ज होते. गावाकडच्या माणसाने घ्यायचीच तर ही.

तिचा खरा फायदा गर्दीत आहे. द्वारका सर्कलला थांबत-थांबत जाताना इंजिन बंद राहतं, ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते. घाटात गणित बदलतं. चढताना पेट्रोल इंजिनच राबतं. उतरताना बॅटरी भरते, पण ती छोटी असते. दोन टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरली की साधारण दीड-पावणेदोन युनिट ऊर्जा सुटते, आणि या गाड्यांची अख्खी बॅटरीच दीड-दोन युनिटची असते. त्यातलाही मधला भागच वापरला जातो. म्हणजे घाट संपायच्या आधी बॅटरी फुल्ल, आणि पुढे साधे ब्रेकच तापतात. लांब उतारावर गिअर लिव्हर "बी" किंवा "एस" वर घ्यायचा असतो, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं. गाडीच्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गल्लीत करू नका. गाडी सकाळी थंड असताना सुरू करायला लावा, मग सावळ घाट चढवून परत उतरवा. डॅशबोर्डवर बॅटरीची कांडी झटकन भरते आणि झटकन रिकामी होते का बघा. तसं होत असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे. मागच्या सीटजवळ बॅटरीला थंड हवा देणारी जाळी असते. ती धुळीने, कुत्र्याच्या केसांनी भरलेली असली की आतला पंखा सतत घुमतो आणि बॅटरी तापून लवकर मरते. ही जाळी साफ करायला फार खर्च येत नाही. नवीन बॅटरी पॅकचं कोटेशन मात्र लाखांत येतं. म्हणून सौदा ठरवण्याआधी अधिकृत वर्कशॉपमध्ये बॅटरीची तपासणी करून लेखी रिपोर्ट घ्या. वॉरंटी किती उरली तेही तिथेच विचारा. टोयोटा आपल्या नव्या हायब्रीडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देते. म्हणजे सात वर्षांची गाडी घेताना तुम्ही बरोबर वॉरंटीच्या काठावर उभे असता.

पुरात बुडालेली गाडी तर हायब्रीडमध्ये नकोच नको. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला मातीचे डाग दिसतात. मागच्या सीटखाली ओलसर वास आला तरी नाद सोडा, कारण बॅटरी तिथेच बसलेली आहे.

कागदांचं थोडक्यात. गाडी महाराष्ट्रातली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स पुन्हा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते ती यामुळेही. आरसीवर बँकेचा बोजा, ई-चलन, विम्याचे जुने क्लेम बघा. नाशिकचं आरटीओ पेठ रोडवरच आहे, तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. एजंटवर सोडून न देता एक चक्कर स्वतः मारा.

गाडी दारात आल्यावर

मोठ्या बॅटरीची सगळ्यांना भीती, पण गाडी बंद पाडते ती बहुतेक वेळा छोटी १२ व्होल्टची. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी "रेडी" होत नाही. सीझन नाही म्हणून गाडी महिनाभर शेडमध्ये उभी ठेवलीत तर हे होणारच. आणि शेडमध्ये उंदीर! पावसाळ्यात ते ऊब शोधत बॉनेटखाली शिरतात. कुरतडलेला एक वायरिंग हार्नेस तुमचा आंब्याचा सीझन खाऊन टाकू शकतो.

बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील. त्यांत शेकडो व्होल्ट असतात. गावातला मेकॅनिक कितीही हुशार असो, त्याला म्हणावं, "दादा, नारिंगीला हात नको." तेल, फिल्टर, टायर हे काम तो उत्तम करेल. ब्रेक पॅड या गाड्यांत खूप टिकतात, कारण ब्रेकचं अर्धं काम मोटर करते. पण कमी वापरामुळे आणि आपल्या पावसामुळे कॅलिपर गंजून अडकतात. पावसाळा संपला की ते उघडून साफ करून घ्या. इन्व्हर्टरच्या कूलंटचं सर्किट इंजिनाच्या सर्किटपेक्षा वेगळं असतं, तो कूलंट बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात शोधा.

गाडी रस्त्यात बंद पडली तर दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढायची नाही. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि नुकसान वाढतं. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच लागतो. म्हणून घेण्याआधीच फोन करून विचारा : नाशिकला तुमच्या ब्रँडचं वर्कशॉप आहे का, हायब्रीडचं काम तिथे होतं का? नसेल तर मुंबई, म्हणजे पेठपासून सव्वादोनशे किलोमीटर. कोटंबी घाटातून मुंबईपर्यंत फ्लॅटबेड किती घेईल, त्याचा भाव आजच विचारून वहीत लिहा. विमा घेताना रोडसाइड असिस्टन्स किती किलोमीटरपर्यंत आहे तेही वाचा. बऱ्याच पॉलिसींत ही मर्यादा असते.

ज्यांचं फार्म-स्टे आहे त्यांना एक सूचना. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून पाहुण्यांना भाडं घेऊन आणायचं नाही. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि आरटीओचा दंड वेगळा.

आता गृहपाठ. वर दिलेल्या गणितात तुमचे स्वतःचे आकडे टाका : किंमत, व्याज, वर्षाचे किलोमीटर, तुमच्या नफ्याची टक्केवारी. सोबत अजून एक ओळ लिहा, तेवढ्याच फेऱ्या भाड्याच्या गाडीने केल्या तर किती. पुढच्या व्हिडिओत मालवाहू गाडी घेऊ : स्वतःचा टेम्पो की भाड्याचा. तिथेही हीच वही लागणार आहे, जपून ठेवा.