मांजराचे वावडे

येलदरीला ‘आम्ही मांजर पाळले आहे’ असे सहसा कोणी म्हणत नाही. मांजर घरात असते, एवढेच. पूर्णा नदीवरच्या धरणामुळे जिंतूर तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना ठाऊक झाले. पण शेतकऱ्याच्या घरात ज्वारीची पोती आली की पाठोपाठ उंदीर येतात, आणि उंदरांच्या पाठोपाठ मांजर. अशा घरात एखाद्या माणसाला मांजराचेच वावडे निघाले तर काय करावे, हा प्रश्न केवळ शहरी हौसेचा राहत नाही. त्याचा थोडा शास्त्रीय विचार येथे करावयाचा आहे.

‘वावडे’ हा आपला जुना शब्द मला ‘ॲलर्जी’पेक्षा जवळचा वाटतो. (पारिभाषिक मराठीत ‘अधिहृषता’ असाही एक शब्द आहे, तो उच्चारतानाच शिंक यावी!) ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड नाकाच्या, डोळ्यांच्या व श्वासनलिकांच्या अस्तरातील विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच पदार्थ पुन्हा आला की त्या पेशी हिस्टामीन व तत्सम द्रव्ये बाहेर सोडतात. मग शिंका, डोळ्यांची खाज, नाक वाहणे आणि काहींच्या बाबतीत दमा.

मांजराच्या बाबतीत हा पदार्थ कोणता? मांजराचा केस पोटात गेला की दमा जडतो, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. जुन्या माणसांचे निरीक्षण खोटे नव्हते. मांजर आणि दमा यांचा संबंध त्यांनी बरोबर ओळखला होता. कारण मात्र चुकले. खरा गुन्हेगार केस नसून एक प्रथिन आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. ते मांजराच्या लाळेत व कातडीतील तैलग्रंथींत तयार होते. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात. त्यांतले काही इतके हलके असतात की तासन् तास खाली बसत नाहीत. केस हे नुसते वाहन. म्हणून आखूड केसांच्या मांजराने त्रास होणार नाही, ही समजूतही खरी नव्हे. भाटीपेक्षा बोक्याच्या अंगात हे प्रथिन सामान्यतः जास्त असते आणि बोका खच्ची केल्यावर ते कमी होते.

माझ्या थोरल्या बहिणीला हा त्रास आहे. पहाटे तिच्या शिंका सुरू झाल्या की आई म्हणायची, “हाकला ते मांजर,” आणि आजी म्हणायची, “मग ज्वारी कोण राखणार?” एकदा मांजर दहा दिवस आत्याकडे ठेवले. ताईच्या शिंका काही थांबल्या नाहीत, तेव्हा दोष मांजराचा नाही असा निकाल आजीने दिला.

हा निकाल घाईचा होता. हे प्रथिन फार चिवट असते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की, मांजर घरातून गेल्यावर त्याचे प्रमाण मांजर नसलेल्या घराइतके खाली यायला बहुधा २० ते २४ आठवडे लागतात. दहा दिवसांत काय कळणार? त्यातून आमचे मांजर झोपायचे ताईच्या वाकळीवर! जुन्या लुगड्यांचे थर शिवलेली वाकळ म्हणजे या कणांचे कोठारच. शिवाय हे कण कपड्यांवरून प्रवास करतात. ज्या वर्गात मांजर कधी शिरले नाही तेथेही ते सापडले आहेत.

तेव्हा मांजर ठेवायचेच असेल तर पहिला नियम निजण्याच्या खोलीचा. तेथे मांजराला दिवसाही मज्जाव हवा, कारण आपला रात्रीचा सगळा श्वास त्याच खोलीत चालतो. वाकळी, चादरी, उशांचे अभ्रे वरचेवर धुवावेत. नुसते उन्हात टाकून भागत नाही. कोरडी केरसुणी मारल्याने खाली बसलेले कण पुन्हा उठतात, म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसावी. निदान झाडताना त्रास असणाऱ्याने बाहेर जावे. खिडक्या उघड्या असाव्यात. मांजर कुरवाळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. मांजराला न्हाऊ घालण्याचा उपाय कागदावर चांगला आहे. पण त्याचा परिणाम थोडेच दिवस टिकतो, आणि मांजराचे मत विचारात घेता तो कोणी दोनदा करील असे वाटत नाही.

औषधांविषयी थोडेसेच. हिस्टामीनरोधक गोळीने शिंका व खाज कमी होते, पण दम्यावर ती पुरेशी नाही. वावड्याचा पदार्थ अल्प प्रमाणात टोचून शरीराला सवय लावण्याचा प्रयोग लिओनार्ड नून यांनी लंडनमध्ये गवताच्या परागांवर केला. तो १९११ साली प्रसिद्ध झाला. मांजराच्या वावड्यावरही आज ही पद्धत वापरतात, मात्र ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि वर्षानुवर्षे चालते. छातीत घरघर होत असेल, रात्री उठून बसावे लागत असेल, तर घरगुती तडजोडी पुरे करून डॉक्टरांकडे गेले पाहिजे. अशा माणसाच्या घरी मांजर न ठेवणेच इष्ट.

ताईला घरघर नाही. कातडीवर थेंब ठेवून टोचण्याची तपासणी झाली, मांजराचेच वावडे निघाले. आता मांजराचा मुक्काम ज्वारीच्या खोलीत आणि ओसरीवर असतो. ताईच्या खोलीचे दार सदा लावलेले. ते उघडे राहिले की आजीच आधी ओरडते.