पोथीमागची वही : अबोध मनाची ओळख

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या सप्ताहात प्रवचन आटोपल्यावर आम्ही चार-पाच जण मंडपातच बसलो होतो. बोलता बोलता एका वयोवृद्ध गृहस्थांनी विचारलं, "गुरुचरित्राची तीसच्या वर पारायणं झाली माझी. सोवळं पाळलं, नेम कधी चुकवला नाही. पण राग काही गेला नाही. सूनबाईच्या हातून दूध उतू गेलं तरी अंगाचा भडका होतो. चुकतंय कुठं?"

कोणीच काही बोललं नाही. कारण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता, तेव्हापासून त्या विषयाची थोडी गोडी लागली ती निवृत्तीनंतर वाढली. त्या वाचनात या प्रश्नाचं उत्तर मला काही अंशी सापडलं, आणि एका गोष्टीत ते मला स्वतःच्या घरातच पडताळून पाहावं लागलं. ते इथे मांडतो. गुरूंच्या शिकवणीला पर्याय म्हणून नव्हे. शेजारच्या घरातला दिवा आपल्या अंगणात थोडा उजेड पाडतो, तेवढंच.

युंग कोण होते?

कार्ल गुस्ताव युंग यांचा जन्म 1875 साली स्वित्झर्लंडमधल्या केसविल या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. म्हणजे घरात प्रार्थना, धर्मग्रंथ, सणवार सगळं होतं. पण वडील जे बोलतात त्यामागचा अनुभव त्यांच्याजवळ उरलेला नाही, हे मुलाला जाणवत असे. ही सल युंग यांना म्हातारपणापर्यंत राहिली. शब्द तोंडात आहेत आणि आत कोरडं आहे, असं माणसाचं का होतं, हा प्रश्न त्यांनी जन्मभर उलगडला असं म्हटलं तरी चालेल.

ते डॉक्टर झाले आणि 1900 साली झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णालयात कामाला लागले. 1907 साली व्हिएन्नात त्यांची सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी भेट झाली. दोघांचा मोठा स्नेह जमला, पण 1913 पर्यंत वाटा वेगळ्या झाल्या. फ्रॉइड यांचा भर दडपलेल्या वासनांवर होता. युंग म्हणत, मनाच्या तळाशी नुसता केरकचरा नसतो, बियाणंही असतं. या आपल्या विचाराला त्यांनी 'विश्लेषणात्मक मानसशास्त्र' असं नाव दिलं.

आपण सहज म्हणतो, "थोरला जरा अंतर्मुख आहे, धाकटी बहिर्मुख." अंतर्मुख हा शब्द आपल्याकडे जुनाच, पण माणसांच्या स्वभावाची अशी विभागणी युंग यांनी 1921 सालच्या ग्रंथात मांडली आणि तिथून ती घरोघरी पोचली. ते भारतातही येऊन गेले. 1937च्या अखेरीस मुंबईला उतरले. निमित्त होतं कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाचं. काशी, प्रयाग आणि कलकत्ता या विद्यापीठांनी त्यांना सन्मानाची पदवी दिली.

वाडा आणि बळद

1909 साली युंग यांना एक स्वप्न पडलं. ते एका घराच्या वरच्या मजल्यावर आहेत. खोली चांगली सजवलेली. खाली उतरले तर तळमजला कितीतरी जुना. आणखी खाली तळघर, तिथल्या भिंती रोमन काळातल्या. तळघराच्या फरशीत एक दगड उचलला तर खाली पुन्हा पायऱ्या, आणि शेवटी एक गुहा. तिथे धुळीत हाडं, फुटकी भांडी आणि दोन जुनाट कवट्या.

युंग यांनी त्याचा अर्थ लावला तो असा : हे घर म्हणजे माणसाचं मन. वरचा मजला म्हणजे बोध मन, ज्यात आपण दिवसभर वावरतो. त्याखाली आपल्या विसरलेल्या, नकोशा म्हणून ढकललेल्या गोष्टींचा मजला, म्हणजे व्यक्तीचं अबोध मन. आणि सर्वांत खाली जे आहे ते एकट्याचं नाही, सगळ्या मानवजातीचं आहे. त्याला त्यांनी 'सामूहिक अबोध' म्हटलं. आई, बालक, ज्ञानी वृद्ध, वीर अशी जी रूपं जगभरच्या कथांत आणि स्वप्नांत पुन्हा पुन्हा येतात, त्यांचे साचे तिथे आहेत असं त्यांचं मत. या साच्यांना मराठीत 'आदिबंध' म्हणतात.

ज्यांनी जुना वाडा पाहिला आहे त्यांना हे समजायला जड नाही. वर माडी, पुढे ओसरी, आणि खाली धान्याचं बळद. बळदात अंधार असतो, वर्षानुवर्षं कोणी उतरत नाही. पण घर जेवतं ते त्यातल्याच धान्यावर. आणि तिथं काही कुजलं तर वास ओसरीपर्यंत येतो.

शब्द अडतो तिथे

अबोध मन दिसत नाही, मग ते आहे कशावरून? युंग यांनी रुग्णालयात असताना एक साधी परीक्षा वापरली. शंभर शब्दांची यादी घ्यायची. डॉक्टरांनी एक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि किती वेळ लागला ते घड्याळावर मोजायचं. 'पाणी' म्हटलं की 'नदी', 'झाड' म्हटलं की 'पान' असं भराभर चालतं. पण एखाद्या शब्दापाशी माणूस थबकतो, हसतो, चुकतो, तोच शब्द परत म्हणतो. का थबकलो हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

1935 साली लंडनच्या व्याख्यानांत युंग यांनी एका गृहस्थाची हकिगत सांगितली. तो सुरी, भाला, मारणे, टोकदार आणि बाटली या शब्दांपाशी अडखळला. युंग यांनी अंदाज बांधला आणि त्याला विचारलं. तेव्हा बाहेर आलं की परदेशात असताना दारूच्या नशेत भांडण होऊन त्याने सुरी चालवली होती आणि वर्षभर तुरुंग भोगला होता. चांगल्या घरचा माणूस, ही गोष्ट पोटात ठेवून जगत होता.

मनात अशी एखादी दुखरी गाठ असते. तिच्याभोवती आठवणी आणि भावना चिकटून राहतात. तिला 'गंड' म्हणतात. 'न्यूनगंड' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, त्यातलाच हा गंड. गंडाला धक्का लागला की आपण बोलत नाही, तो बोलतो. दूध उतू जाणं हे निमित्त. भडका उडतो तो आतल्या गाठीचा.

मुखवटा आणि छाया

प्रत्येक माणूस जगात वावरताना एक मुखवटा घालतो. मी सज्जन शिक्षक, मी कर्ता थोरला भाऊ, मी नेमाचा दत्तभक्त. मुखवटा वाईट नाही, त्याशिवाय संसार चालत नाही. पण मुखवट्यात जे बसत नाही ते कुठे जातं? ते मागे पडतं आणि त्याची सावली होते. युंग तिला 'छाया' म्हणतात. उजेड जितका प्रखर, सावली तितकी गडद.

ही छाया स्वतःत दिसणं फार कठीण. ती दुसऱ्याच्या अंगावर पडलेली मात्र लगेच दिसते. याला 'प्रक्षेपण' म्हणतात. दुसऱ्यात तो दोष नसतोच असं नाही, असतोही. पण आपला संताप त्याच्या दोषाच्या मानाने फारच मोठा असला, तर त्यातला काही भाग आपल्या घरचा आहे असं समजावं.

आता माझी गोष्ट. माझा धाकटा भाऊ 'हिशेबी' आहे, असं मी नऊ वर्षं म्हणत आलो. आईच्या शेवटच्या आजारपणात खर्चावरून आमच्यात वितुष्ट आलं. बोलणं होतं, पण तोंडदेखलं. कोणी त्याचं नाव काढलं की माझ्या तोंडून तो शब्द आलाच. सप्ताहात पारायणाला बसलो असतानाही एकदा तो विषय निघाला आणि मी आसनावरूनच तावातावाने बोललो. त्या रात्री सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, "अहो, त्यांना हिशेबी म्हणता, पण वही कोणाकडे आहे?"

वही माझ्याकडे होती. आईच्या आजारपणात कोणी किती दिले ते तारीखवार लिहिलेली. आणि ती कुठे होती? देवघराच्या कपाटात, पोथीच्या मागे. दरवर्षी पोथी काढताना माझा हात तिला लागत होता आणि मी ती पुन्हा मागे सारत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नऊ वर्षं हिशेब मी ठेवला होता, आणि हिशेबी त्याला म्हणत होतो.

अवधूताची शाळा

इथे मला श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत आठवला. आपण त्याला दत्तात्रेयच मानतो. यदुराजाला तो आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश यांच्यापासून काय घ्यावं हे तो शिकला. पण त्या यादीत कबूतर आहे, पतंग आहे, हत्ती, हरीण आणि मासाही आहे. हे सगळे आसक्तीपायी नाश पावलेले. त्यांना पाहून अवधूताने "किती मूर्ख" म्हणून नाक मुरडलं नाही. हेच माझ्यातही होऊ शकतं, असं त्याने पाहिलं, आणि म्हणून ते गुरू ठरले. बाहेर दिसलेला दोष आत वळवून पाहायचा, ही अवधूताची शाळा.

त्यातच कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्या मागे लागले. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. माझा तुकडा म्हणजे ती वही.

पण एक सावधगिरी. "युंग यांनी सांगितलं ते सगळं आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं" असं म्हणून मोकळं होऊ नये. संस्कार आणि वासना यांचा विचार आपल्या योगशास्त्रात खोलवर आहे, तो मुक्तीसाठी. युंग यांचा विचार आजारी आणि दुभंगलेल्या माणसाला सांधण्यासाठी. अबोध मन म्हणजे आत्मा नव्हे. युंग यांना योगाबद्दल आदर होता, तरी युरोपीय माणसाने त्याची नुसती नक्कल करू नये असं ते बजावत. आपणही त्यांच्या शब्दांची नक्कल करू नये. उपयोग करावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घरात कोणी दिवसेंदिवस झोपत नसेल, जेवत नसेल, नसलेले आवाज ऐकत असेल, जीव नकोसा झाला म्हणत असेल, तर ती छाया वगैरे समजून घरी चर्चा करत बसू नका, आणि नुसती 'बाधा' म्हणूनही थांबू नका. देवाच्या दारी जरूर न्या, पण मनोविकारतज्ज्ञाकडे आधी न्या. युंग स्वतः डॉक्टर होते हे विसरू नये.

या सप्ताहात करून पाहण्यासारखे

पहिले : रोजचे अध्याय वाचून झाले की पाच मिनिटं बसावं आणि आज कोणावर, कोणत्या शब्दावरून राग आला ते आठवावं. फक्त शब्द लिहावा, समर्थन लिहू नये.

दुसरे : तोच दोष आपल्यात कुठल्या रूपात आहे ते शोधावं. रूप वेगळं असतं, म्हणून चटकन ओळखू येत नाही. सापडला नाही तर घरच्या माणसाला विचारावं, आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. हे सर्वांत अवघड.

तिसरे : सापडला म्हणून स्वतःला झोडपू नये. छाया मारायची नसते. ओळखली की ती निम्मी शांत होते.

दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान असतात. चार वेद असा त्यांचा अर्थ आपण सांगतो, तो योग्यच. पण मला अलीकडे आणखी एक दिसतं. ज्याला आपण सोवळ्यात उंबऱ्याबाहेर ठेवतो, तो प्राणी महाराजांनी पायाशी बसवून घेतला आहे. आपल्यातलं जे आपण बाहेर हाकललं, तेही त्या पायांशी आणून बसवता येईल. पारायण वाया जात नाही. पण वही मागे लपवून पोथी वाचली, तर पोथी तिच्यापर्यंत पोचत नाही.

माझ्या वहीचं काय झालं ते सांगून थांबतो. मी ती फाडली नाही. समाप्तीच्या दिवशी भावाला प्रसादाला बोलावलं आणि ती त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा लावून सगळी वाचली. मग म्हणाला, "दादा, शेवटच्या महिन्याची औषधं मी आणली होती. ती यात नाहीत."

खरंच नव्हती. नऊ वर्षं मी हिशेब सांभाळला, आणि तोही अपुरा. मला काही बोलता येईना. त्याने वही मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "चल, पानं वाढलीत."

आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!