तार तेवढीच, शेत मात्र लहान-मोठे



परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत वहीत होते, तशीच ती जमिनीच्या व्यवहारातही होते. प्लॉट पाहायला गेलेला माणूस कडेने फेरी मारतो, पावले मोजतो आणि “दोन्ही सारखेच” म्हणून मोकळा होतो. आपल्या बेळगाव-निपाणी भागात जमीन गुंठ्यावर बोलली जाते. म्हणून हा हिशोब पक्का पाहिजे.

३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आता २६४ फूट तार घ्या. ६६ बाय ६६ चा चौरस घेरला तर आत बरोबर ४ गुंठे येतात. तीच तार ९९ बाय ३३ अशी लावली तर ३ गुंठे. १२१ बाय ११ ची पट्टी केली तर १३३१ चौरस फूट, म्हणजे सव्वा गुंठासुद्धा नाही!

पहिल्या बदलात एक गुंठा कुठे गेला? लांबी ३३ ने वाढली, रुंदी ३३ ने घटली. (६६ + ३३) × (६६ − ३३) = ६६² − ३३². वजा झालेले ३३² म्हणजेच तो हरवलेला गुंठा. दोन भावांच्या वाटणीत एकाला चौरस आणि दुसऱ्याला तेवढ्याच घेराची लांबट पट्टी आली, तर कुंपणाचा खर्च सारखा, पण पीक सारखे नाही.

चारही बाजू समान असल्या तरी क्षेत्रफळ ठरत नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) २५ बाजूचे चौकोन घेतले आहेत. चौरसाचे क्षेत्रफळ ६२५. कर्ण ३० व ४० असतील तर ६००, आणि १४ व ४८ असतील तर फक्त ३३६. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटले आहे! (परीक्षेचे पेपर काढणाऱ्या आम्हा शिक्षकांनीही हे लक्षात ठेवावे.) चार सारख्या पट्ट्या टोकांना खिळ्यांनी सैल जोडा आणि चौकट तिरकी दाबत जा, म्हणजे हे डोळ्यांनी दिसेल.

सर्वांत जास्त जागा वर्तुळ घेरते. २६४ फूट परिघाची त्रिज्या ४२ फूट. २२/७ धरून क्षेत्रफळ ५५४४ चौरस फूट, म्हणजे ५ गुंठ्यांच्या वर. धान्याची कणगी गोल असते. तेवढ्याच उंचीच्या आणि तेवढ्याच लांबीच्या तट्ट्यात चौकोनी आकारापेक्षा गोल आकारात धान्य जास्त मावते. शेते मात्र गोल करत नाहीत, कारण दोन गोलांच्या मधली जागा वाया जाते आणि नांगराला सरळ तास लागते.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. शेताच्या एका बाजूला सरळ ओढा आहे, तिकडे तार लावायची नाही. त्याच २६४ फूट तारेत जास्तीत जास्त ८ गुंठ्यांचे आयताकृती शेत घेरता येते. त्याची लांबी-रुंदी काढून वर्गशिक्षकांना दाखवा.