मजकुराचे विभाजन आणि मराठी अक्षर

संकेतस्थळावरील अर्जात एखादा अर्जदार गावांची नावे एकाच चौकटीत लिहितो : ‘महाड, वडगाव मावळ ;वाई,’. संगणकाच्या लेखी ही चिन्हांची एक सलग माळ असते. ती कोठे तोडावयाची याचे सूत्ररूप वर्णन म्हणजे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’. या कल्पनेचे मूळ अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात आहे. मजकुरातील शोधासाठी ती वापरण्याची रीत केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मांडली.

‘स्वल्पविराम किंवा अर्धविराम, मागेपुढे कितीही मोकळी जागा’ असे सूत्र दिले की तिन्ही नावे सुटी होतात. अखेरच्या स्वल्पविरामामुळे एक रिकामा तुकडाही पदरात पडतो. तो गाळावा लागतो. मात्र मोकळी जागा हीच खूण मानली, तर वडगाव मावळची दोन गावे होतात.

खरी कसोटी मराठी वाक्यातील शब्द सुटे करताना लागते. जावास्क्रिप्ट या भाषेत ‘शब्दात न येणारे चिन्ह’ असा तयार संकेत आहे. परंतु शब्दात येणारी चिन्हे म्हणजे रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेखा, एवढीच त्याची समजूत! त्यावर मराठी वाक्य तोडले, तर हाती एकही शब्द उरत नाही. २०१८ च्या प्रमाणकापासून युनिकोडमधील अक्षरवर्ग सूत्रात वापरता येऊ लागले. तरीही केवळ ‘अक्षर’ हा वर्ग सांगून भागत नाही. वेलांटी, उकार, हलन्त यांचा वर्ग निराळा आहे. तो विसरल्यास ‘विठ्ठल’चे ‘व’, ‘ठ’ आणि ‘ठल’ असे तुकडे होतात. शोधसूचीत हेच तुकडे साठविले गेले, की नोंद असूनही त्या माणसाचे नाव सापडत नाही.

दोन्ही वर्ग घेतल्यावरही एक अडचण उरते. डोंगरातील ‘दर्‍या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांत, टंकलेखनाच्या एका पद्धतीत, केवळ एका अदृश्य जोडचिन्हाचा फरक असतो. ते चिन्ह या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात नाही. सूत्रात त्याचा स्वतंत्र उल्लेख नसेल, तर ‘दर्’ आणि ‘या’ असे दोन तुकडे पडतात. आणि निरुपयोगी समजून ते आधीच काढून टाकले, तर डोंगराच्या जागी समुद्र येतो.