घरातली व्यायामशाळा : आधी शरीराची गरज, मग साहित्य

प्रौढ व्यक्तीला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम लागतो. त्याखेरीज किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या प्रमुख स्नायूंना ताकदीचे काम द्यावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. यातला पहिला भाग झपझप चालण्याने, जिने चढण्याने भागतो. त्यासाठी घरात काही आणावे लागतेच असे नाही. राहून जातो तो दुसरा. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर ही घट वाढते, आणि मग जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. म्हणून घरातल्या व्यायामशाळेची आखणी ताकदीच्या व्यायामाभोवती व्हावी. ट्रेडमिल ही अनेक घरांतली पहिली खरेदी असते. खरे तर ती शेवटची असायला हवी.

चटई पसरून आडवे होता यावे आणि दोन्ही हात ताणले तरी भिंतीला लागू नयेत, एवढी मोकळी जागा पुरते. ती कायम मोकळी मात्र हवी. रोज टीपॉय सरकवावा लागत असेल, तर व्यायाम पंधरा दिवसांत सुटतो. दुसरी गोष्ट पंख्याची. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने डंबेल डोक्यावर नेले की ते सात फुटांच्या वर जाते, आणि फ्लॅटमधल्या पंख्याची पाती त्यापासून फार लांब नसतात. दोरीवरच्या उड्या किंवा मुदगल फिरवणे पंख्याखाली कधीही करू नये.

घाम सांडला की टाइल्स निसरड्या होतात, म्हणून आठ-दहा मिलिमीटर जाडीची रबरी मॅट अंथरावी. खालच्या मजल्यावर होणारा आवाजही तिने कमी होतो. डंबेल-पट्ट्यांचा भार कोणतीही धड इमारत सहज पेलते. लाकडी तुळयांच्या जुन्या वाड्यात किंवा चाळीत जड यंत्र चढवायचे असेल, तर मात्र आधी इमारतीच्या अभियंत्याला विचारावे.

साहित्य निवडताना शरीराच्या हालचाली मोजाव्यात: बसून उठणे, कमरेतून वाकून वजन उचलणे, ढकलणे, ओढणे आणि ओझे घेऊन चालणे. जोर-बैठकांत बसणे-उठणे आणि ढकलणे येते, तेही साहित्याशिवाय. ओढण्याची हालचाल मात्र त्यांत नाही. दिवसभर मोबाइलवर आणि संगणकावर पुढे झुकलेल्या खांद्यांना नेमकी तीच हवी असते. त्यामुळे पहिली खरेदी रबरी ताणपट्ट्यांची करावी. पट्टा खिडकीच्या पक्क्या गजाला अडकवून कोपर मागे ओढले की पाठीचा वरचा भाग काम करू लागतो. वापरण्याआधी पट्ट्याला चीर गेलेली नाही ना, हे दर वेळी पाहावे. ताणलेला पट्टा तुटला तर थेट डोळ्यावर येतो.

त्यानंतर वजन कमी-जास्त करता येणारी डंबेलची जोडी आणि एक मजबूत बाक, एवढ्यावर वर्षानुवर्षे काम चालते. ज्या वजनाने आठ ते बारा आवर्तने होतात आणि शेवटची दोन जड जातात, ते वजन योग्य. बारा सहज होऊ लागली की थोडे वाढवावे. बाकावर उताणे झोपून जड बारबेल उचलण्याचा व्यायाम घरात एकट्याने करू नये. दांडी छातीवर अडकली तर उचलायला कोणी नसते. ट्रेडमिल घेतलीच, तर तिच्यामागे सुमारे दोन मीटर जागा मोकळी सोडावी आणि वापरानंतर सुरक्षा-किल्ली काढून ठेवावी, कारण फिरत्या पट्ट्यात लहान मुलांचे हात भाजतात.

हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर झालेले बदल असतील, तर वजने आणण्याआधी डॉक्टरांना भेटावे. श्वास रोखून वजन उचलले की रक्तदाब एकाएकी खूप वर जातो. जोर लावताना श्वास सोडणे हा सर्वांसाठीच नियम आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर मोजावी आणि साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावे. बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्या चालू असतील, तर नाडीचे ठोके श्रमाचा खरा अंदाज देत नाहीत. त्याऐवजी बोलून पाहावे. वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ वाकवून वजन उचलू नये आणि सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम टाळावेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे ही त्यांच्यासाठी उत्तम सुरुवात आहे.

स्नायू दुसऱ्या दिवशी दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचल्यासारखी कळ येणे स्वाभाविक नाही, तिथे तो व्यायाम थांबवावा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एकाएकी दम लागणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तत्काळ थांबवून घरातल्या माणसाला हाक मारावी आणि थेट रुग्णालय गाठावे.