कळसूबाई शिखर : स्थान, रचना व हवामान

महाराष्ट्रातील सर्वोच्च स्थान म्हणून ओळखले जाणारे कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले व नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवर ते उभे असून, १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा ते मुकुटमणी होय. माथ्यावर श्री कळसूबाई देवीचे लहानसे मंदिर आहे.

सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे निघालेल्या रांगेत हे शिखर येते. पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे दुर्ग, दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय व त्यापलीकडे रतनगड, तर निरभ्र दिवशी उत्तरेस त्र्यंबकचा ब्रह्मगिरी दृष्टीस पडतो. उत्तर उतारावरील पाणी दारणेस व दक्षिणेकडील पाणी प्रवरेस मिळते. या दोन्ही नद्या पुढे गोदावरीच्याच उपनद्या असल्याने, माथ्यावरील पाऊस दोन वाटांनी अखेर एकाच गंगेला जातो, असे म्हणावयास हरकत नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्यापासून हा पर्वत घडला. मृदू थर झिजून त्यांचे उतार झाले. कठीण थर मात्र उभ्या कड्यांच्या रूपाने टिकून राहिले. बारी गावाकडून चढताना जेथे जेथे लोखंडी शिड्या लागतात, तेथे भाविक अशाच कठीण थरापाशी पोहोचलेले असतात.

हा चढ आठशे मीटरांहून अधिक आहे. उंचीबरोबर तापमान हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे पायथ्यापेक्षा माथा सुमारे पाच अंशांनी थंड असतो. शिवाय वाऱ्याला अडविणारे याहून उंच असे काही जवळपास नाही. घामाने वा पावसाने भिजलेल्या अंगाला हा गारठा फार लवकर बाधतो. लहान मुले व वृद्ध यांच्याबाबतीत विशेष काळजी घ्यावी.

जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात व मुसळधार पाऊस देतात. जवळच्या घाटघर परिसरात काही वर्षी पावसाने ५,००० मिलिमीटरचा आकडा ओलांडला आहे. पूर्वेस अकोले शहराकडे जाताना हाच पाऊस झपाट्याने घटतो. या महिन्यांत शिखर दिवसेंदिवस ढगात असते, दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि शिड्या निसरड्या होतात.

तथापि अधिक सावध राहण्याचा काळ नवरात्राचा होय. देवीच्या यात्रेस तेव्हा मोठी गर्दी लोटते आणि नेमका तोच परतीच्या पावसाचा हंगाम असतो. सकाळी आकाश स्वच्छ असते. मात्र जमीन तापून दमट हवा वर चढू लागली की दुपारनंतर अल्पावधीत गडगडाटी ढग उभे राहतात. एप्रिल-मे मधील वळवाच्या पावसाचीही हीच रीत आहे. एकाकी, उघडा माथा विजेला जवळचा असतो, त्यात शिड्या व कठडे लोखंडाचे. म्हणून पहाटे चढण्यास प्रारंभ करून मध्यान्हीपूर्वी दर्शन आटोपून उतरणीस लागावे. ढगांचा गडगडाट ऐकू येताच माथ्यावर न थांबता खाली यावे. वीज अगदी जवळ कडाडत असेल तर शिडीवर पाऊल ठेवू नये व एकट्या उंच झाडाखालीही उभे राहू नये.

हिवाळा दर्शनास सर्वांत सोयीचा. पहाटे दऱ्यांतून धुके साचलेले असते व शिखरे त्यावर बेटांप्रमाणे दिसतात.

उन्हाळ्यात मात्र आश्चर्य वाटावे अशी स्थिती होते. एवढा पाऊस होऊनही तीव्र उतार व सलग काळा कातळ यांमुळे पाणी मुरत नाही, वाहून जाते. मार्चनंतर झरे आटतात, गवत वाळते व एका ठिणगीनेही वणवा पेटू शकतो. परिसरातील आदिवासी बांधवांचा हिरडा व गुरांचा चारा याच रानावर अवलंबून असल्याने विडी-काडी व चूल पूर्णतः टाळावी. वाटेत पाणी मिळेल या भरवशावर न राहता प्रत्येकाने दोन-तीन लिटर पाणी बारी गावातूनच बरोबर घ्यावे व रिकाम्या बाटल्या परत खाली आणाव्यात.