अध्यक्षांचा आवाज

मॅसॅच्युसेट्‌स राज्यात, बझर्ड्‌स उपसागराच्या काठी ‘ग्रे गेबल्स’ नावाचे एक घर होते. १८९३ सालच्या जुलैची पाच तारीख होती. ‘ओनिडा’ नावाच्या नौकेतून आलेले एक स्थूल, भरघोस मिशांचे गृहस्थ तेथे किनाऱ्यावर उतरले आणि फारसे श्रम न दाखविता घराकडे चालत गेले. ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड होत. ते विश्रांतीसाठी व मासेमारीसाठी आले आहेत, एवढेच लोकांना ठाऊक होते. चार दिवसांपूर्वी, १ जुलैला, त्याच नौकेवर त्यांच्या वरच्या डाव्या जबड्याचा बराचसा भाग कापून काढला होता, हे मोजक्या माणसांनाच माहीत होते.

तोंडातील व्रण कर्करोगाचा असल्याची शंका डॉक्टरांना आली होती. तेव्हा शस्त्रक्रिया टाळता येण्याजोगी नव्हती. मग ती लपविण्याचे कारण काय? त्या वर्षी अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले होते. पेढ्या बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते. १८९० च्या एका कायद्याने सरकारला दरमहा चांदी विकत घ्यावी लागे, आणि त्यापायी खजिन्यातील सोने आटत चालले आहे, असे क्लीव्हलंड यांचे मत होते. त्यातच २६ जून रोजी हिंदुस्थान सरकारने, लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देण्याचे आपल्या टांकसाळींतील काम बंद केले आणि चांदीचा भाव कोसळला. कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींचा हा निर्णय दूर अमेरिकेत जाणवला. क्लीव्हलंड यांनी तो कायदा रद्द करण्यासाठी ७ ऑगस्टला काँग्रेसचे खास अधिवेशन बोलाविले. उपाध्यक्ष तर चांदीच्या पक्षाचे होते. अध्यक्षांना कर्करोग झाला आहे, ही वार्ता फुटली असती तर बाजार आणखी घाबरला असता.

बाहेरून जखम दिसत नव्हती. सर्व काम तोंडाच्या आतून केल्यामुळे चेहऱ्यावर व्रण नव्हता आणि मिशीही शाबूत होती. परंतु आवाज कसा लपविणार?

‘च’ किंवा ‘ट’ उच्चारून पाहा. जीभ वर टाळूला टेकते. टाळू ही तोंड आणि नाक यांमधील भिंत आहे. ‘म’ आणि ‘न’ म्हणताना तेवढा श्वास नाकावाटे जातो. म्हणूनच नाक चिमटीत धरून ‘मामा’ म्हटले तर ते ‘बाबा’सारखे ऐकू येते. या भिंतीलाच भोक पडले म्हणजे उलटे घडते. प्रत्येक अक्षराचा श्वास नाकात निसटतो, ‘बाबा’चा ‘मामा’ होऊ लागतो आणि वाक्य ऐकणाऱ्याला कळेनासे होते. पाण्याचा घोटसुद्धा नाकात चढतो. क्लीव्हलंड यांची अवस्था अशीच झाली होती. जखमेच्या पोकळीत औषधी कापडाचे बोळे भरलेले होते. महान्यायवादी रिचर्ड ओल्नी भेटीस आले, तेव्हा त्यांना खंगलेले अध्यक्ष दिसले आणि त्यांचे बोलणे मोठ्या कष्टाने समजले. काँग्रेसला पाठवावयाच्या संदेशाचा मसुदा ओल्नी यांनीच लिहून दिला.

बातमीदार जवळच तळ देऊन होते. अध्यक्षांना संधिवाताचा त्रास आहे आणि दात दुखत होते, असे त्यांना सांगण्यात आले. दात काढले होते, हे खोटे नव्हते. पण सत्याचा एवढाच तुकडा पुढे करणे म्हणजे खोट्यालाच दाराआड उभे करणे होय.

१७ जुलैला डॉक्टरांनी संशय वाटणारा आणखी थोडा भाग नौकेवरच काढला. नंतर न्यूयॉर्कचे दंतवैद्य केसन गिब्सन यांनी कडक रबराची एक तबकडी बनविली. ती पोकळीत नेमकी बसली आणि नाहीशी झालेली भिंत पुन्हा उभी राहिली. तबकडी काढली की शब्द अस्फुट, बसविली की स्वच्छ! गालही त्यामुळे आत ओढला गेला नाही. शस्त्रक्रियेचे कौशल्य थोर खरे, पण अध्यक्षांना बोलते केले ते या ओबडधोबड रबरानेच.

ऑगस्टच्या प्रारंभी क्लीव्हलंड राजधानीत परतले. काँग्रेसला संदेश लेखी जात असे. तरीही सभासदांच्या भेटीगाठी चुकत नव्हत्या. २८ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने कायदा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. दुसऱ्याच दिवशी फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात ई. जे. एडवर्ड्‌स या बातमीदाराने शस्त्रक्रियेची हकीकत छापली. ती जवळजवळ तंतोतंत खरी होती. अध्यक्षांच्या स्नेह्यांनी ती धुडकावून लावली आणि इतर पत्रांनी एडवर्ड्‌स यांनाच खोटे ठरविले. सप्टेंबरमध्ये क्लीव्हलंड यांनी वॉशिंग्टन येथे वैद्यांच्याच एका मोठ्या परिषदेचे उद्घाटन केले. आवाज स्पष्ट होता. मग एडवर्ड्‌सवर विश्वास कोण ठेवणार?

क्लीव्हलंड त्यानंतर पंधरा वर्षे जगले. १९०८ मध्ये ते वारले, पण तोंडातील रोग पुन्हा उलटला नव्हता. शस्त्रक्रियेत सहभागी असलेले डॉक्टर विल्यम कीन यांनी १९१७ मध्ये सर्व वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्यात एडवर्ड्‌स यांनी लिहिलेले खरे होते, हेही नमूद केले. एडवर्ड्‌स तेव्हा हयात होते. मधली चोवीस वर्षे लोटली होती.